टॉकीजचं अक्षर

अप्पा, गेला महिनाभर माझं कशात लक्ष लागत नाही. कुकर लावते आणि शिट्ट्या मोजायच्या विसरते, गॅलरीत जाते, परत आत येते, फोन बघते. कारण सांगितलं तर तुम्हाला हसू येईल. आमच्या नांदेडच्या डी.एड.च्या वर्गाचा फोनवर एक ग्रुप झालाय. सगळे पन्नाशी ओलांडलेले, आणि सगळ्यांना एकाएकी लहानपण आठवायला लागलंय. रेडिओवरची फर्माइशीची गाणी, बसस्टँडवर मिळणाऱ्या गाण्यांच्या पातळ चोपड्या, पेन्सिल घालून गुंडाळलेल्या कॅसेटी आणि टॉकीज. रोज कुणीतरी टॉकीजचा विषय काढतंच. 'बाहेर ते हातानं काढलेले हिरो किती भारी असायचे,' असं कुणी लिहिलं की मी फोन पालथा ठेवते. ते हिरो उदगीरला आमच्या घरात जन्माला यायचे, हे त्या वर्गातल्या एकालाही मी कधी कळू दिलेलं नव्हतं.

टॉकीजची चित्रं काढायला तुमची दोन मोठी कापडं होती. एक टॉकीजच्या तोंडावर टांगलेलं, एक घरात भिंतीला ताणलेलं. खेळ बदलला की टांगलेलं सोडवून आणायचं आणि अंगणात अंथरून त्याच्यावर पाणी ओतायचं. रंग डिंकात कालवलेले असायचे, त्यामुळं दोन घागरींत अख्खा हिरो विरघळून नालीला लागायचा. मग तुम्ही खडूच्या दोरीनं चौकोन पाडायचात, हातात पोस्टकार्डाएवढा फोटो घ्यायचात आणि एकेक चौकोन भरत जायचात. मी अक्षरं शाळेत शिकलेच नाही, तुमच्या पायाशी बसून शिकले. जोडाक्षर कसं मोडायचं, वेलांटीला सावली कुठल्या बाजूनं द्यायची, हे मला पहिलीच्या आधीपासून येत होतं. शुक्रवारी पहिल्या खेळाला तुम्ही मला घेऊन जायचात. पडद्यावर आई मरत असते, सगळं टॉकीज मुसमुसत असतं, आणि तुम्ही माझ्या कानात म्हणता, "चित्रात नाक जरा लांबलं बघ माझ्याकडून." मागून कुणीतरी ओरडतं, "ओ पेंटर, गप बसा की!"

मग तो दुष्काळ आला. लातूर नवा जिल्हा झाला होता, लोकांनी पेढे वाटले होते, आणि पुढं पावसानं तोंडच फिरवलं. मी आणि आई सकाळपासून हापशावर रांगेत असायचो. एकदा तुम्ही कापड अंथरून घागरीकडं हात केलात आणि आई घागरीच्या आडवी उभी राहिली.

"माणसाला प्यायला थेंब न्हाई, आन् तुमाला हिरोचं तोंड धुवायचंय?"

तुम्ही हात मागं घेतलात. मग म्हणालात, "न्हाई धुवत. त्याच्यावरच बसवतो दुसरा."

त्या उन्हाळ्यात प्रत्येक नव्या चेहऱ्यातून जुना डोकावायचा. नायिकेच्या गालावर मागच्या खेळातल्या खलनायकाची मिशी उमटली होती. लोक टॉकीजसमोर सायकली थांबवून हसायचे, "एका तिकिटात दोन खेळ हाईत रे!" तुम्हीही हसलात, पण त्या दिवशी जेवला नाहीत. मला तेव्हा वाटलं, उन्हानं भूक गेली असेल.

त्याच सुमारास पाट्यांचं काम निघालं. तालुक्यातल्या शाळा, दवाखाने, कचेऱ्या, सगळीकडं अजून जुन्या जिल्ह्याचं नाव होतं आणि ते बदलायचं होतं. तुम्ही शिडी सायकलीला बांधली, डबे हँडलला अडकवले, मला मागं बसवलं. मी सहावीत होते. जिथं जाऊ तिथं लोक गोळा व्हायचे. उस्मानाबाद पुसून लातूर लिहिताना बघायला म्हातारी माणसं पारावरून उठून यायची. एकजण म्हणाला, "पेंटर, तुमीच जिल्हा करायलाव म्हना की!" तुमची मान किती ताठ झाली होती, अप्पा.

एका मोठ्या कचेरीच्या पाटीवर तुम्ही जीव ओतलात. लाल अक्षर, पिवळी कड, मागं निळी सावली आणि 'लातूर'च्या माथ्यावर रेघेवर एक चमक, जशी तुम्ही सिनेमाच्या नावावर मारायचात. साहेब बाहेर आले. परगावचे होते, बोलणं शुद्ध. त्यांनी पाटी वाचली आणि म्हणाले, "पेंटर, हे काय टॉकीज आहे का? खाली खेळांच्या वेळा पण लिहा ना!"

शिपाई हसले, कारकून हसले, आणि मीही हसले. मोठ्यानं. साहेबानं माझ्याकडं बघावं म्हणून हसले. त्यांनी बघितलंही. तुम्ही शिडीवर होता, खाली उतरला नाहीत. सगळं पांढरं केलंत, वाळेपर्यंत तिथंच वर बसून राहिलात, आणि मग काळ्या रंगात सरळ, उभी, कुणालाही थांबवणार नाहीत अशी अक्षरं लिहिलीत.

येताना मीच विचारलं, "अप्पा, राग आला का साहेबाचा?"

"साहेबाचं बरोबर हाय. कचेरीचं अक्षर वाचायला असतंय, बघायला न्हाई." मग बरंच अंतर गेल्यावर, मागं न वळता म्हणालात, "तू हसलीस, ते मातर मला कळलं न्हाई."

मला तुमची पाठ दिसत होती. घामानं शर्ट चिकटला होता. त्यानंतर तुम्ही तो विषय कधी काढला नाहीत.

नांदेडला नंबर लागला तेव्हा तुम्ही पत्र्याची पेटी आणलीत आणि तिच्या झाकणावर माझं नाव काढलंत. लाल, पिवळी कड, निळी सावली. दोन दिवस लागले. गावातल्या बायका बघायला आल्या. होस्टेलवर पहिल्याच दिवशी एक मुलगी म्हणाली, "अगं, ही पेटी आहे की पिक्चर?" सगळ्या हसल्या. मी बाजारातून छापील कापड आणलं आणि पेटीला खोळ शिवली. वडील काय करतात असं कुणी विचारलं की मी सांगायची, सरकारी काम करतात, पाट्यांचं. खोटं नव्हतं ते.

दिवाळीच्या आधी तुम्ही भेटायला आलात. पेटीवरच बसायला गेलात, थांबलात, खोळीचं टोक उचलून आत बघितलंत आणि हळूच परत सारखं केलंत. "बरं केलंस," म्हणालात, "धूळ बसत न्हाई." पिशवीतून शेंगाचटणी काढून दिलीत आणि दुपारच्या एसटीनं गेलात. थांबा म्हणायचं माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. मी स्टँडवर तुमच्या नखांतल्या निळ्या रंगाकडं बघत राहिले आणि गाडी सुटली.

मला जळकोटकडच्या शाळेत नोकरी लागली त्या वर्षी तुम्ही गेलात. तोवर छापील पोस्टरं आली होती. तुमचं एकही कापड उरलं नाही. आईनं फाडून गोधड्यांना आतून लावली. टॉकीजच्या जागी आता मंगल कार्यालय आहे. मागच्या रविवारी मी लातूरहून उदगीरला जाऊन आले, उगाच. रस्त्यावर उभी राहिले, कुणाच्यातरी लग्नाची वरात गेली, परत आले. जीव काही थाऱ्यावर आला नाही.

आणि काल दुपारी ग्रुपवर एक फोटो आला. वर्गातल्या एकीचं सासर उदगीरचं. तिच्या सासऱ्यांच्या ट्रंकेत सापडला म्हणे. टॉकीज, समोर सायकली, आणि वर अख्ख्या तोंडावर पसरलेलं चित्र. सगळे वाहवा करायला लागले. कुणी विचारलं, 'कोण असेल हा कलाकार?' मी लिहिलं, 'माझे वडील.' मग जे सुरू झालं ते संध्याकाळपर्यंत थांबलं नाही. इतकी वर्षं बोलली का नाहीस, धन्य तुझे अप्पा, तुझा हेवा वाटतो. मी प्रत्येकाला उत्तर दिलं.

तुम्हाला हे पोचणार नाही, म्हणूनच लिहिता येतंय. गावात दुसरं टॉकीजही होतं आणि त्याचा दुसरा पेंटर होता. त्या फोटोत इमारत चित्रानं झाकली आहे, टॉकीजचं नाव वाचता येत नाही. मी तो मोठा करून सकाळपासून कितीदा बघितला. अप्पा, ते चित्र तुमचं आहे की त्याचं, मला ओळखता येत नाही. आणि मी लिहिलेलं अजून खोडलेलं नाही.