हळदीकुंकू लावलेला गिझर

आई, तुझा गिझर पूजेनं बिघडला नव्हता. हे सांगायला फार उशीर झालाय, तुला जाऊनच अकरा वर्षं झाली. मलाही ते गेल्या महिन्यात कळलं. तेव्हापासून मनात तुझ्याशीच बोलतेय, म्हणून आज शेवटी कागद घेऊन बसले.

विंझरच्या त्या थंडीत तुझी बोटं सकाळी वळायची नाहीत. चुलीवर हंडा ठेवायचा, लाकडं फुंकायची, तापलेला हंडा उतरवायचा, हे सगळं त्याच बोटांनी. मी गिझर घेऊन देते म्हटलं तर तू नको नको म्हणत राहिलीस. "लेकीकडनं घ्यायचं व्हय? लोक काय म्हंतील? तुझ्या सासरी काय म्हंतील?" दादा तेव्हा पुण्यात नोकरीला, घरात तू एकटी. मी भांडून घेतला. नसरापूरच्या दुकानातून टेम्पोत घालून आणला, तेव्हा तू दारात उभी होतीस आणि लाजल्यासारखी हसत होतीस. आयुष्यात लेकीकडून घेतलेली तेवढी एकच वस्तू.

फिटर दुपारी चारला आला. तो भिंतीला भोकं पाडत होता आणि तू न्हाणीच्या उंबऱ्यावर बसून प्रत्येक भोकाला त्याला विचारत होतीस, "पडंल का ओ डोक्यात?" मला साडेपाचची एसटी गाठायची होती. काम उरकल्यावर त्यानं एक कागद पुढं केला आणि मी उभ्या उभ्या सही ठोकली. शाळेच्या कचेरीत मी लोकांचे अर्ज बारीकसारीक चुकांसाठी परत पाठवते, पण त्या कागदावर काय छापलंय ते वाचलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी तू गिझरला हळदीकुंकू लावलंस, झेंडूचं फूल वाहिलंस आणि दुसऱ्या एका फुलानं पाण्याचे थेंब शिंपडलेस. घरात नवीन काही आलं की तू हे करायचीसच. दादाच्या मोटारसायकलला केलं होतंस, माझ्या शिलाई मशीनला केलं होतंस, त्यातलं काही बिघडलं नाही. मग शेजारच्या फोनवरून मला सांगितलंस, "अगं, काय वाफाळतंय पानी! पाठीवर घेतलं आन् डोळंच मिटलं बघ." तुझा तो आवाज मला अजून ऐकू येतो. अशा आंघोळी तुला चार दिवस मिळाल्या. पाचव्या दिवसापासून बटण दाबलं की फ्यूज उडायचा.

कंपनीचा माणूस आठवड्यानं आला. मी अर्धी रजा टाकून आले होते. त्यानं गिझरवरचं कुंकू पाहिलं आणि हातातला पेचकस तसाच खिशात ठेवला. "मावशी, पूजा केलीती का?"

"व्हय की. नवीन वस्तू म्हनल्यावर."

"मग झालं तर. पानी आत गेलं. हे वॉरंटीत बसत न्हाई." मग माझ्याकडं वळून त्यानं तो कागद दाखवला. त्यावर छापलं होतं, वस्तू बसवून, चालू करून दाखवली, ग्राहक समाधानी. "ताईंनी सही केलीया. आमच्याकडनं चालूच हुता."

"नुसतं फुलानं शिंपाडलं ओ, चार थेंब," तू म्हणालीस आणि माझ्याकडं पाहिलंस. मी तुझ्या बाजूनं बोलायला हवं होतं. झाकण खोला, आत ओल असेल तर दाखवा, आणि दुरुस्ती नाकारताय तर कारण लिहून द्या, एवढंच म्हणायचं होतं. घेतलेली वस्तू पाच दिवसांत बंद पडली तर लांबून बोट दाखवून कुणाला सुटता येत नाही, ना विकणाऱ्याला ना बसवणाऱ्याला. हे तेव्हाही खरं होतं. मला ठाऊक नव्हतं असंही नाही. पण मी त्या परक्या माणसासमोर तुझ्यावर ओरडले. "विजेच्या वस्तूवर पाणी शिंपडतं का कुणी? एवढीही अक्कल नको?" तू पदर खोचलास आणि त्याच्यासाठी चहा टाकायला गेलीस.

त्यानंतर तू तीन हिवाळे काढलेस, चुलीवरच्या हंड्यावर. गिझर भिंतीवर तसाच होता, त्यावर तू जुन्या लुगड्याचा तुकडा टाकला होतास. दादानं मिक्सर आणला, तो खोक्यातून निघाला नाही. मोबाईल वाजला की तू शेजारच्या पोरीला हाक मारायचीस. "नगं बाई, माझा हात लागला की बिघडंल." मी ते ऐकायचे आणि म्हातारपणाचा हट्ट म्हणून सोडून द्यायचे. आई, कशी गं मी अशी?

आता गेल्या महिन्यातली गोष्ट. आमच्या कामथडीच्या घरी नवा गिझर घेतला, तो एकोणिसाव्या दिवशी बंद पडला. कंपनीचा पोरगेला माणूस आला आणि म्हणाला, "बोअरचं पानी जड हाय ताई, वॉरंटीत बसत न्हाई." मी म्हटलं, "बरं. तेवढं लिहून खाली सही करा." तो फोन कानाला लावून अंगणात गेला तो परत आलाच नाही. मी ग्राहकांच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, बिल आणि फोटो जोडले, कंपनीला लेखी कळवलं की गिझर बदलून द्या, नाहीतर पुण्याच्या ग्राहक आयोगात भेटू. आठव्या दिवशी नवाकोरा गिझर दारात. मी त्या दिवशी आळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलत होते.

तो बसवायला आलेला फिटर वयस्क होता. बसवून झाल्यावर तो नळ सोडून शांतपणे बसून राहिला. मी म्हटलं, लावा की बटण, मला कचेरीत जायचंय.

"थांबा ताई. आदी आत पानी भरू द्या, नळाला धार येऊ द्या. कोरडा चालू केला की कॉईल जळती. कदी लगीच जाती, कदी चार-आठ दिसांनी."

"आणि वरून पाण्याचे थेंब उडाले तर?"

तो हसला. "न्हाणीतच लावत्यात की ओ. थेंबानं काय हुतंय?"

मी तिथंच स्टुलावर बसले. विंझरला त्या दुपारी नळाला पाणी आलेलं नव्हतं, स्लॅबवरची टाकी कोरडी होती. तेव्हाचा फिटर म्हणाला होता, "उद्या पानी आलं की येतो, मग चालू करू." आणि मी म्हणाले होते, "उद्या परत कोण थांबणार? लाल दिवा लागतो तेवढं दाखवा, म्हणजे मी सही करून मोकळी." त्यानं बटण दाबलं, दिवा लागला, तू हात जोडलेस. आपला चहा होईपर्यंत तो चालूच होता. फिटरनं ठाम नकार द्यायला हवा होता, ते त्याचं काम. कंपनीच्या माणसानं झाकण खोलायला हवं होतं. हे सगळं मी आज मुद्देसूद मांडू शकते, अर्ज लिहायला बसले तर दोन पानं लिहीन. पण घाई माझी होती, आणि तिचा दोष तू मरेपर्यंत स्वतःच्या हातांना लावलास.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच. दादाला तरी दाखवावं असं वाटलं होतं, पण तेही जमेलसं दिसत नाही. गेल्या रविवारी त्याच्या मुलाचा साखरपुडा झाला. सगळ्यांना खरं सांगायचं ठरवूनच मी गेले होते. जेवणं झाल्यावर वहिनीनं मुलीकडच्यांना नेहमीची गोष्ट सांगितली, "आमच्या सासूबाईंनी गिझरला आंघोळ घातली होती!" घरात कार्य असलं की ही गोष्ट निघतेच. पहिल्यांदा ती मीच सांगितली होती, तुझ्या तेराव्याला, रडून दमलेल्या माणसांना जरा हसू यावं म्हणून. रविवारीही सगळे हसले. मी तोंड उघडलं. तेवढ्यात होणारी सून माझ्याकडं वळून म्हणाली, "खरंच, आत्या?"

मी म्हणाले, "हो गं, खरंच." आणि मीही हसले.