भोंग्याखालची सुलक्षणा

भांडुप,
१४ जुलै १९८५

ती. आत्येस सुलक्षणाचा सा. न. वि. वि.

आईचे गुडघे सोडून इकडे सर्व ठीक.

मला नोकरी लागल्याचं बाबांनी कळवलंच असेल. मुलुंडच्या एका कंपनीत औषधाच्या काचेच्या बाटल्या बनतात. माझं काम एकच. बाटली उजेडासमोर धरायची आणि चीर दिसली तर बाजूला काढायची. मला केसाएवढी चीरही दिसते. आमचे सुपरवायझर जयवंतराव म्हणाले की असे डोळे त्यांनी वीस वर्षांत पाहिले नाहीत. डोळ्यांचं ठीक आहे, वाट लावलीय ती कानांनी.

भोंगा नेमका माझ्या डोक्यावरच्या खांबाला आहे. दिवसातून सहा वेळा वाजतो. वाजला की माझे दोन्ही हात आपोआप कानांवर जातात आणि बाटली जमिनीवर. आजवर एकोणीस फुटल्या. त्यात बाटल्या वाहून आणणाऱ्या पट्ट्याचा खडखडाट, फडफडणारी ट्यूब आणि शेजारच्या सुनंदाचं केवड्याचं अत्तर. जेवणाच्या सुट्टीपर्यंत डोकं इतकं भरून येतं की मी मागच्या गोदामात खोक्यांमध्ये जाऊन बसते. बाकीच्यांना वाटतं मी शिष्ट आहे.

मला कायम करायचं की घरी पाठवायचं, ते ऑगस्टअखेर ठरणार आहे. शाळेतली नोकरी घंटेने घालवली, टेलिफोनची तर विचारूच नकोस. बाबा म्हणाले की एवढी शांतता हवी असेल तर स्मशानात नोकरी बघ. मी जाऊन विचारलं. बायकांना घेत नाहीत.

काकांना नमस्कार. लोभ आहेच, तो नोकरी गेली तरी राहू दे.

तुझी,
सुलक्षणा


कणकवली,
२५ जुलै १९८५

चि. सुलू हीस आत्येचे पोटभर आशीर्वाद.

अगं, तू खरंच स्मशानात गेलीस? तुझ्या बापाला चेष्टेची खोड आणि तुला ती खरी मानायची. दोघं एका घरात राहता कशी, देव जाणे.

लहानपणी सुट्टीत आलीस की कुकरची शिटी व्हायच्या आधी तू घरामागच्या परड्यात पळालेली असायचीस. सगळे हसायचे. मी हसले नाही, एवढं लक्षात ठेव.

सोबत कापसाचे बोळे पाठवतेय. मेण आणि खोबरेल घालून मी स्वतः वळलेत. कानात घट्ट बसव. परवा आमच्या दारावरून टाळमृदंग वाजवत दिंडी गेली, मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. शिवाय देवळात, गावाच्या वतीने देवाशी बोलणाऱ्या घाड्याकडून गाऱ्हाणं घातलं, की पोरीला कायम कर रे महाराजा. तो बेंबीच्या देठापासून असा ओरडला की देवालाच दोन बोळे द्यावेसे वाटले.

गोदामात बसू नकोस, विंचू असतात. बसायचंच तर बघून बस. आणि पत्रात हात आखडता घेऊ नकोस, मला इथे दुसरी करमणूक नाही.

तुझी आत्ये,
विमला


भांडुप,
१८ ऑगस्ट १९८५

ती. आत्येस सा. न. वि. वि.

बोळे पोचले. फार चांगले आहेत. त्यांच्यामुळे मी मेले.

झालं असं. पंधरा दिवस एकही बाटली फुटली नाही. जयवंतराव खूश. मग परवा कंपनीत आगीची रंगीत तालीम झाली. भोंगा वाजला, साडेतीनशे माणसं अंगणात जाऊन रांगेत उभी राहिली. मला पत्ताच नाही. मी बाटल्या बघत राहिले. उलट बरं वाटलं, की आज सुनंदाचं अत्तर नाही. अर्ध्या तासाने समोर जयवंतराव दिसले. त्यांचं तोंड उघडझाप करत होतं.

अहवालात लिहिलंय: मृत एक, सुलक्षणा परब, तपासणी विभाग. खाली माझीच सही घेतली. मेलेल्या माणसाला कायम करता येतं का, असं मी विचारलं, तर जयवंतराव कपाळ धरून खाली बसले.

बोळ्यांना बंदी झालीय. मीरा, आमच्या शेजारची, डॉक्टरकी शिकते. तिने जाड पुस्तकातून ऑटिझम म्हणून काहीतरी वाचून दाखवलं. मला त्यातली तीन पानं अगदी माझीच वाटली. पण पुस्तकात सगळी लहान मुलं आहेत आणि मी पंचवीस वर्षांची, म्हणून तिने ते मिटून ठेवलं.

अठ्ठावीस तारखेला मोठ्या साहेबांनी बोलावलंय. आत्ये, मला ही नोकरी हवी आहे. बाटली हातात असली की माझं मन थाऱ्यावर असतं. डोळ्यांत बघून बोल, असं बाटली कधी म्हणत नाही. साहेबांना काय सांगू ते लगेच कळव. माया आहे, ती आत्ता जास्त लागेल.

तुझी,
सुलक्षणा


भांडुप,
१ सप्टेंबर १९८५

ती. आत्येस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वेळेवर मिळालं. पोटात कळ आली होती म्हणून बाहेर आले नाही, असं सांग, हे तू तीनदा लिहिलंस. मी साहेबांना सांगितलं, की पोटात कळ आली होती असं सांगायला आत्येने सांगितलंय, पण ती आली नव्हती.

मग खरं तेच सांगितलं. भोंगा मला कानात नाही, सगळ्या अंगात वाजतो, आणि अचानक वाजला की हात माझे राहत नाहीत. मात्र वाजायच्या चार सेकंद आधी भोंग्याच्या पेटीत खट् होतं. पट्ट्याच्या खडखडाटात ते दर वेळी ऐकू येत नाही. पण खट् झाल्याचं कुणी मला दाखवलं, तर बाटली खाली ठेवून मी तयार राहीन.

साहेब म्हणाले की खट्‌बिट् काही होत नसतं. जयवंतरावांनीही मान हलवली. शहानिशा करायला दोघं माझ्या टेबलापाशी आले, एका बाकावर चढले आणि पेटीला एकेक कान लावून उभे राहिले. एक वाजायला आलाय, असं मी म्हणाले. दोघांनी मला गप्प केलं.

खट् झालं. ऐकू आलं म्हणून दोघंही खूश झाले. चार सेकंदांनी साहेबांचे हात कानांवर, चष्मा जमिनीवर आणि जयवंतराव सुनंदाच्या मांडीवर.

दुपारभर साहेबांना ऐकू येत नव्हतं. त्यांनी हुकूम लिहून दिला. भोंगा पलीकडच्या भिंतीला गेला. वायरमन धाकूने माझ्या टेबलावर लाल दिवा बसवलाय, तो खट्‌बरोबर लागतो. बोळ्यांना परवानगी, आणि आग लागली तर मागच्या टेबलावरच्या शांताबाईंनी मला हाताला धरून बाहेर न्यायचं. जेवणाच्या सुट्टीत गोदामात एक खुर्चीही. आणि आत्ये, मी कायम झाले! कंपनीचं पत्र मी सात वेळा वाचलं. बाबा रडले, चेष्टा केली नाही.

तू आहेस तशीच राहा, फक्त मला खोटं शिकवू नकोस.

तुझी,
सुलक्षणा


कणकवली,
८ सप्टेंबर १९८५

चि. सुलू हीस अनेक आशीर्वाद, आणि त्याहून जास्त शाबासकी.

वाडीभर पेढे वाटले. साहेबांसमोर मला खोटारडी ठरवलंस, ते आनंदात माफ.

आता माझं ऐक. माझ्या लग्नात वाजंत्री मांडवात घुसली आणि मी उठून गोठ्यात जाऊन बसले. म्हशीच्या आडोशाला रडले. लोक म्हणाले, माहेर सुटतंय म्हणून रडते. ह्यांना वाटलं, वाजंत्रीने माझं मन भरून आलं. तेव्हापासून बत्तीस वर्षं, दर गणपतीला हे ढोलताशेवाल्यांना खास माझ्या खिडकीखाली आणून उभे करतात. मी कानात बोळे घालून हसत उभी. एवढे सुबक बोळे मला आयते वळता येत होते, असं वाटलं तुला?

तू परक्या साहेबाला तोंडावर सांगितलंस. मला घरच्या माणसाला सांगता आलं नाही. तुझा अभिमान वाटला आणि माझी मला लाज वाटली. गणपती तोंडावर आलेत. आज ह्यांना सांगते, काय व्हायचं ते होवो.

जीव लावलास, तसाच लावत राहा.

तुझी आत्ये,
विमला

ता. क. पत्र टाकायच्या आधीच सांगितलं. ह्यांनी हातातला पेपर खाली ठेवला. मग म्हणाले की ढोलाने त्यांचंही डोकं तीन दिवस ठणकतं, पण मला आवडतो म्हणून ते सोसतात. हसून हसून आमची पुरेवाट झाली, मग मी थोडी रडले. यंदा आमचा गणपती नुसत्या टाळ्यांवर येणार. चार दिवस रजा काढून ये, तू आता कायम आहेस.