फेरीतून सुटलेले

३ फेब्रुवारी
फिनलंडमधल्या ओउलूतला पहिला दिवस. खिडकीतून गोठलेली नदी दिसते, नऊच्या कॉफीबरोबर वेलचीचा पाव मिळतो. साहेब तूरे गमत्या माणूस. म्हणाला, "आर्मास, इथे नियम दोनच. कॉफी गार होऊ द्यायची नाही आणि चालत्या कोडला हात लावायचा नाही."
काम आवडलं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांनी रोज सकाळी एक बटण दाबायचं. नऊ वाजता आमचा जावा भाषेतला प्रोग्रॅम त्यांची यादी वरून खाली तपासतो. ज्यानं दाबलं नसेल त्याच्याकडे माणूस धाडतो आणि त्याचं नाव त्या दिवसाच्या यादीतून काढतो.

६ फेब्रुवारी
चूक सापडली. फेरी चालू असतानाच नाव काढलं, की खालची नावं एकेक घर वर सरकतात. प्रोग्रॅम मात्र पुढच्या घरावर जातो. वर सरकलेलं नाव बघायचंच राहतं! इलाज सोपा आहे: नाव थेट यादीतून ओढायचं नाही, फेरी मारणाऱ्या इटरेटरलाच ते काढायला सांगायचं.
तूरेचा चेहरा उतरला. आधीच्या प्रोग्रॅमरनं, ऑर्वोक्कीनं, हेच सांगितलं होतं म्हणे. त्यानं उडवून लावलं. मग तिचेच वडील फेरीतून सुटले. दिवसभर स्वयंपाकघराच्या फरशीवर जिवंत पडून होते, संध्याकाळी गेले.

१० फेब्रुवारी
त्या मृत्यूची चौकशी लागली. ती संपेपर्यंत कोडला हात लावायचा नाही, असं ठरलं. तूरेनं कागद पुढे केला: चूक ऑर्वोक्कीची, आम्हांला कल्पना नव्हती. डिसेंबरात ती नदीवरच्या बर्फाच्या भोकात उतरली, ती वर आलीच नाही. तूरे म्हणाला, "कर की सही, बाबा! मेलेल्या माणसाची कसली नोकरी जातेय?"
त्यानं सही केली. त्याखाली मी.

११ फेब्रुवारी
तूरे आला नाही. म्हाताऱ्यांच्या यादीत त्याचं नाव होतं, कुणी घातलं कळेना. धाडलेल्या माणसाला तो स्वयंपाकघराच्या फरशीवर सापडला. बुडून मेलेला. केसांत बर्फ.
यादीत त्याच्याखाली माझं नाव. त्याचं निघालं, माझं वर सरकलं, म्हणून मी सुटलो.

१२ फेब्रुवारी
यादीतलं माझं नाव खोडलं. परत आलं. मग माझ्या नावाच्या वर एक खोटं नाव घातलं. नऊला ते निघालं — मी सुटलो. दुरुस्ती आता नकोच.

१६ फेब्रुवारी
रोज तेच करतो. सकाळी उशी ओली असते. नदीचा वास —

१८ फेब्रुवारी
लेम्पी आजी गेल्या. त्यांच्या वरचं नाव निघालं आणि त्या सुटल्या. त्यांच्या मुलीनं फोनवर विचारलं, तुम्ही तेव्हा काय करत होतात.
खोटं नाव लिहीत होतो.

१९ फेब्रुवारी, ८.५०
घरीच आहे. ऑफिसातलं एक बटण बरोबर आणलंय. चूक दुरुस्त केली. खोटं नाव काढलं. चौकशीला खरं कळवलं: ऑर्वोक्कीनं सांगितलं होतं, आम्ही ते दडपलं. वाटलं, एवढ्यावर ती —
माझं नाव अजून आहे.

८.५८
बटण दाबतोय. दाबलं जात नाही. फरशीवर पाणी —

९.००
फेरी सुरू. आल्मा, पाहिली. एइनार, पाहिला. कुणी सुटत नाही आता. ती दाराशी —
ऑर्वोक्की, मी सगळं लिहून दि