मुदत मंजूर

३ जून
वकिलीची सनद हातात आली. आजपासून रोजनिशी. मोठे वकील म्हातारपणी आठवणी लिहितात आणि त्यात थापा शिरतात. आपण ताजं ताजं लिहायचं. संकल्प : पहाटे उठणे, रोज एक निकाल वाचणे, वर्षाच्या आत स्वतःचं ऑफिस. बाबा म्हणाले, आधी अंथरुणाची घडी घाल. मोठ्या माणसांची घरात अशीच थट्टा होते.

४ जून
नऊला उठलो. निकाल वाचायला घेतला. पहिलं वाक्यच दीड पानाचं. उद्यापासून छोटे निकाल.

१० जून
सीनियरांच्या ऑफिसात पहिला दिवस. मला खुर्ची मिळाली. ती प्रिंटरचीही आहे, त्यामुळे प्रिंटर मांडीवर. काम : फायलींवर पाननंबर टाकणे. कारकून म्हणाले, एकेचाळीस दोनदा आलाय. मी म्हटलं, पान तसं महत्त्वाचं आहे. त्यांनी फाईल काढून घेतली. माझी कुवत ओळखली असणार.

२ जुलै
आत्या ऑफिसात आली होती. तिची केस आमच्याच सरांकडे आहे. तळमजल्यावरची तिची खोली भाडेकरू सोडत नाही आणि ती राहते तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. गुडघे तर कधीच गेलेत. तिने विचारलं, आता तू आलास, होईल ना रे काही? मी म्हटलं, तू सामान बांधायला घे. बाईने घरी जाऊन खालच्या खोलीसाठी पडदे कापायला काढले म्हणे.

१४ जुलै, संध्याकाळ
शेवटी वेळ आली. उद्या सरांना दुसऱ्या कोर्टात जायचंय, आत्याच्या केसमध्ये मी उभा राहणार. बोलायचं एकच वाक्य : 'सीनियर दुसऱ्या कोर्टात आहेत, पुढची तारीख मिळावी.' सर म्हणाले, आणि वेगळं काही घडलंच तर डोकं वापर. म्हणजे निराळी तयारी नको.
आरशासमोर वाक्याचा सराव केला. आधी नम्र, मग ठाम, मग नम्र पण ठाम. आई म्हणाली, आता हे वाक्य भांडी घासतानाही माझ्या तोंडात येतंय. बाबांनी विचारलं, जजने दुसरंच काही विचारलं तर? ज्याला कायदा कळत नाही त्याला असे प्रश्न पडतात.

१५ जुलै, दुपार
जिंकलो!
पुकारा झाला. उभा राहिलो. समोरचा वकील गैरहजर, भाडेकरूही गैरहजर. घाबरले असणार. न्यायाधीशबाईंनी चष्मा वर केला. म्हणाल्या, हे लोक आजही आलेले नाहीत, मागच्या खेपेला ताकीद दिली होती. तुमची कागदपत्रं पूर्ण आहेत. देऊ का हुकूम?
मी वाक्य म्हटलं.
त्या म्हणाल्या, अहो, तुमच्याच बाजूने देतेय.
नवा वकील डळमळतो का, हे बघण्याची ही जुनी पद्धत असावी. आपण डळमळलो नाही. तेच वाक्य पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. बाईंनी पेन खाली ठेवलं. मुदत मंजूर, डिसेंबरपर्यंत. आयुष्यातली पहिली मागणी आणि तीही बिनविरोध. मागे बसलेल्या आमच्या कारकुनांनी कपाळ धरलं होतं. उकाडा फार आहे.

त्याच दिवशी, संध्याकाळ
सरांनी फाईल मिटली. मग विचारलं, शिकवण्याचा वगैरे विचार केलायस का कधी? माझं वक्तृत्व त्यांच्या कानावर गेलेलं दिसतं.

१६ जुलै
कोर्टाच्या फाटकात भाडेकरू भेटला. माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाला, असा वकील मिळायला नशीब लागतं. विरोधकाने केलेलं कौतुक खरं. कार्ड मागितलं. दोन दिली.

१७ जुलै
आत्याकडे गेलो, सविस्तर सांगायला. दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर भाजीची पिशवी घेऊन बसली होती. तिचा दम तिथेच संपतो. सगळं ऐकून घेतलं. विचारलं, बाई द्यायला निघाल्या होत्या? म्हटलं, हो. आणि तू नको म्हणालास? मी कोर्टाची रीत समजावून सांगायला लागलो. गुडघा चोळत राहिली. मग म्हणाली, पडदे शिवूनसुद्धा झाले रे.
रागावली असती तर बरं झालं असतं. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. बाबांचा तो प्रश्नही आठवला. पिशवी उचलून वर नेली. दुसरं काही सुचलं नाही.

१८ जुलै
आत्याचा हुकूम आला : डिसेंबरपर्यंत भाजी, दूध, दळण, सगळं रोज वर पोचवायचं. बाबांकडे अपील केलं. ते हसत बसले आणि हुकूम कायम केला.
आत्याला म्हटलं, नक्की करतो, पण आज ऑफिसात काम आहे, पुढच्या सोमवारपासून सुरू केलं तर चालेल का?
मुदत नामंजूर.