वल्द कोण?

दम्माम, फेब्रुवारी १९९१, संध्याकाळ

अजून हसू आवरत नाही! इराकी क्षेपणास्त्राचा सायरन वाजला आणि बंदरावरच्या शेडमध्ये माझ्या शेजारी एस्तोनियाचा खलाशी यान येऊन बसला. मी मोडक्या इंग्रजीत विचारलं, तू कुठला? तो ओरडला, "वल्द!"

मला वाटलं, बापाचं नाव सांगतोय. मी कसा दाऊद वल्द हसन, म्हणजे हसनचा मुलगा, तसं.

"वल्द कोण?" तर पठ्ठ्यानं चार नावं घेतली. एका माणसाचे चार बाप?

मग कळलं. त्यांच्याकडे वल्द म्हणजे चार वाड्यांची मिळून ग्रामपंचायत. रशियानं मोडलेली, आता परत मिळालीय. डोक्यावर सद्दामचं स्कड क्षेपणास्त्र, आणि हा खुशीनं रडतोय!

वल्द... मीही आजपासून तशीच सही करणार. अब्बा रागावायचे नाहीत, तेही त्याच गावचे.

दाऊद, वल्द हर्णै