शालूचं नाक

मंगळवार, संध्याकाळ

धाकट्या बहिणीच्या, शालूच्या घरून, औरंगपुऱ्यातून, आत्ताच परतले. राग अजून उतरलेला नाही. आज तिच्या नवऱ्याचा दहावा. हार घातलेला फोटो, गालावर खळी, आणि भेटायला आलेल्या बायका त्याच्या रूपाचं कौतुक करून दमत नव्हत्या.

पाचोडची त्याची बहीण म्हणाली, "लई देखणा होता माझा भाऊ! असं तोंड असलेल्या माणसाच्या मनात पाप असंल का?" मग शालूकडं बघून, "वहिनीचं नाक असं वाकडं, तरी जन्मभर सांभाळली. अन् हिच्या डोळ्याला पाणी नाय."

शालू नाकावर पदर धरून गप्प बसलेली.

मी बसले नाही. "लग्नात ते नाक सरळ होतं. अल्बम काढा आणि बघा. भाजीत मीठ कमी पडलं म्हणून तुमच्या देवमाणसानं तांब्या फेकून मारला."

सगळ्या शालूच्या नाकाकडं बघायला लागल्या. शालूनं पदर आणखी वर ओढला.

तिनं इतकी वर्षं झाकलेलं मी चारचौघींत उघड केलं. आधी तिला विचारायला हवं होतं का? कदाचित.

कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर सांगायच्या, माणसाचं मन चेहऱ्यावर उमटतं. उमटतं ना! त्याचं मन शालूच्या चेहऱ्यावर उमटलं.

एवढं लिहीपर्यंत तिच्या मुलाचा फोन. "मावशी, तेराव्याला सगळ्यांसमोर आत्याची माफी माग."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात फोनमध्ये त्याच्या मागून शालूचा आवाज आला, "कुणी माफी मागायची नाही. ताई, तू लवकर ये. माझ्या शेजारी बस."