आमचं देवक मोरपीस

९ नोव्हेंबर २०२५, रविवार
आमचे मूळपुरुष निजामशाहीत सरदार होते. वंशावळ सांगणाऱ्या भाटाने आज पक्कं केलं. याच आडनावाचं एक सरदार घराणं हुतं, तुमी त्यातलेच असाल, म्हणाला. असाल म्हणजे आहातच.
त्या घराण्याचं देवक मोरपीस. आमच्यात लग्नाला उंबराची डहाळी पुजतात. मधल्या कुणाची तरी चूक. दुरुस्त करतो.

११ नोव्हेंबर
इंग्रजी अमदानीतला मोडी कागद मिळाला. खापरपणजोबांचा बैल चोरीला गेल्याची तक्रार. बैल होता, म्हणजे वतन होतं. पेशवाईचं काहीच सापडत नाही. सगळे मोहिमेवर असणार.
पुस्तक लिहायचं ठरलं. रोज पहाटे दोन पानं.

१२ नोव्हेंबर
जाग आली नाही.

१४ नोव्हेंबर
चौकात वंशावळीचा फ्लेक्स लावला. वर मोरपीस. आमच्या रोहिणीचं अकोल्याच्या ओंकारशी जमत आलंय. दोघं रोज फोनवर असतात. त्याचे वडील बिभीषणराव, त्यांना फोटो पाठवला. सोयरीक कुणाशी होतेय ते कळावं.
रोहिणीची आई मालन म्हणाली, सुपारी फुटंपर्यंत तरी गप बसा की. बायकांना इतिहासाची आवड कमी.

१५ नोव्हेंबर
बिभीषणरावांचा फोन. त्यांचंही देवक मोरपीस. एका देवकात लग्न होत नाही, पोरं बहीणभाऊ लागतात. बरं झालं आधीच कळालं, म्हणाले. मला दादा म्हणाले.
मालन म्हणते, आत्ताच्या आत्ता सांगा, आमचं उंबरच हाय, मोर मी मनानं उडवला.
सांगतो म्हटलं. उद्या.

१७ नोव्हेंबर
फोन राहिला. फ्लेक्स महिनाभर आहे, लगेच कसं फिरायचं? शेजारचे आप्पासाहेब काय सरदार, अशी हाक मारतात. हसतात जरा, पण तो त्यांचा स्वभाव.
रोहिणी जेवत नाही. डाएट असावं.

२४ नोव्हेंबर
फोन लावला. उंबराचं काढणार, तोवर बिभीषणरावांनीच सांगितलं, ओंकारची सुपारी काल फुटली, मुलगी संगमनेरची. मी अभिनंदन केलं.

३ डिसेंबर, बुधवार
उद्या ओंकारचं लग्न. भाऊबंद म्हणून आम्हाला सकाळीच बोलावलंय. मुलाचा चुलता म्हणून मला फेटा बांधणार. ओंकारला बहीण नाही, तेव्हा करवली म्हणून नवरदेवामागे रोहिणीच उभी राहील, असं बिभीषणरावांनी कळवलं. तिला सांगितलं. तिने साडीला इस्त्री करून ठेवली.
जीप सहाला येईल.